तारे का हलले, आणि फोटो दाखवल्यावर लोक गप्प का बसतात

या वेळच्या प्रश्नांमधे बरेचसे आकाशाचे आहेत आणि उरलेले माणसांचे, म्हणजे काहींचे तारे बिघडलेत आणि काहींचं फोटो दाखवल्यावर डोकं. दोन्ही एकत्रच घेते. फोटो दाखवला की "मस्त" किंवा "जमलं नाही" यापलीकडे कोणी काही बोलत नाही ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, आणि खरं सांगायचं तर ती वाजवी आहे.

प्रश्न : ताई, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरवाला कॅमेरा आहे. १८ एमएमला तारे ठीक येतात पण ३५ एमएमला २५ सेकंद ठेवलं की सगळे लांबट होतात. ट्रायपॉड मजबूत आहे, टायमरही लावला होता. लेन्स खराब असेल का? फोटो जोडलाय.

लेन्स बिचारी ठीक आहे हो, पृथ्वी फिरतेय. तासाला १५ अंश म्हणजे २५ सेकंदात तारा सहा कलांपेक्षा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जरा जास्तच सरकतो, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाचव्या भागाइतका. १८ एमएमला हे सरकणं मोजक्या पिक्सेलमधे मावतं म्हणून खपून जातं, ३५ ला दुप्पट दिसतं. ढोबळ हिशोब असा की ५०० ला फोकल लेन्थने, म्हणजे लेन्सच्या एमएमने भागायचं, येतील तेवढे सेकंद, पण तुमचा क्रॉप सेन्सर आहे म्हणून आधी ३५ ला दीडने गुणा, आले साडेबावन्न, म्हणजे साडेनऊ सेकंद. आणि हा ५०० चा नियम जरा उदारच आहे, आताच्या भरपूर मेगापिक्सेलवाल्या सेन्सरवर झूम करून बघितलं की पोल उघडी पडते, त्यामुळे मी ५०० च्या जागी ३०० घेते. मग तुमचे होतात सहा सेकंद. शिवाय सगळे तारे सारखे सरकत नाहीत, ध्रुवाजवळचे जेमतेम हलतात आणि मृगाच्या पोटातल्या बाणासारखे खगोलीय विषुववृत्ताजवळचे सगळ्यात जास्त, म्हणून कॅमेरा कुठे रोखलाय त्यावर सेकंद थोडे कमीजास्त करायला हरकत नाही.

सेकंद कमी केले की प्रकाश कमी पडणार, मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वर न्या आणि लेन्स असेल तेवढी उघडा. एवढं करूनही फोटो दाणेदार वाटला तर एकामागोमाग एक सोळा फोटो काढून सिक्वेटरसारख्या सॉफ्टवेअरमधे एकावर एक रचा, नॉइज, म्हणजे ते दाणे, साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. फोटोंची संख्या चौपट केली की नॉइज निम्मा, असं ते गणित आहे.

आता तुमच्या फोटोकडे येते, कारण तो नीट बघितल्यावर त्यात दोन वेगवेगळे दोष दिसले. मधल्या भागातल्या ताऱ्यांच्या रेघा सगळ्या एकाच दिशेला आहेत, ते पृथ्वीचं काम. पण कोपऱ्यातले तारे बघा, त्यांना पंख फुटल्यासारखे दिसतात आणि ते पंख फ्रेमच्या मध्याच्या हिशोबाने पसरलेत. तो लेन्सचा कोमा, लेन्स पूर्ण उघडी असताना बहुतेक लेन्सना थोडाफार असतोच, एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा होईल इतकी, बंद केली की बराच कमी होतो. याउलट सगळे तारे गोल पण फुगलेले असतील तर फोकस चुकलाय. आणि प्रत्येक ताऱ्याला तंतोतंत एकसारखा वेडावाकडा आकडा निघाला असेल तर ट्रायपॉड हलला, वाऱ्याने किंवा कोणाच्या तरी पायाने. हे ओळखायला शिकलात की निम्मे प्रश्न मला विचारायची गरजच पडणार नाही. (तरी विचारा.)

प्रश्न : रात्री कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, घरी कॉम्प्युटरवर उघडला की काळामिट्ट. असं का होतं?

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना ती स्क्रीन म्हणजे बल्बच वाटतो, त्यामुळे सगळंच उजळ दिसतं. स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि फोटोवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत काळं किती आणि पांढरं किती ते दाखवणारा आलेख. त्यातला डोंगर डाव्या, म्हणजे काळ्या बाजूच्या भिंतीला चिकटून बसला असेल तर एक्स्पोजर वाढवा, बाकी काही बोलायची गरज नाही. आणि फोटो रॉ मधेच, म्हणजे सेन्सरची सगळी मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमधेच काढा, जेपेग मधे सावल्या उचलायला गेलं की नुसता चिखल होतो.

प्रश्न : त्याच जागेवर, त्याच वेळेला गेलो तरी आकाशगंगा तिथे नसते. दीड महिन्यापूर्वी बरोब्बर डोंगराच्या डोक्यावर होती. मोबाइलमधलं ॲप चुकतंय की मी?

दोघंही नाही. तारे रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास, म्हणजे दीड महिन्यात तुमची आकाशगंगा तीन तास पुढे निघून गेली. तोच देखावा हवा असेल तर तीन तास आधी जायला पाहिजे, पण तेव्हा नीट अंधार झालेला असेलच असं नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत आकाशात संधिप्रकाश रेंगाळतो आणि आकाशगंगेसारखी पुसट गोष्ट त्यात धुऊन निघते.

आकाशगंगेचा जो जाडजूड, फोटोत शोभणारा गाभा आहे तो वृश्चिक आणि धनूच्या बाजूला, ज्येष्ठाचा लालसर तारा सापडला की तिथून मूळ नक्षत्राकडे सरकत जायचं. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत सूर्य स्वतःच धनूच्या ताऱ्यांमधे असतो म्हणून गाभा दिसतच नाही. त्यानंतर तो पहाटे वर यायला लागतो, जून-जुलैमधे जवळजवळ रात्रभर असतो, आणि मग हळूहळू संध्याकाळचा पाहुणा होऊन मावळतो. उत्तर गोलार्धातून दक्षिणेकडे बघायचं, जितकं जास्त उत्तरेला असाल तितका गाभा क्षितिजाला चिकटून. अमावास्येच्या आसपासच्या चार-सहा रात्री धरा म्हणजे चंद्राची भानगड नाही.

प्रश्न : आम्ही सहा-सातजण महिन्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांचे फोटो बघतो. सुरुवातीला मजा यायची, आता एकतर सगळे "अप्रतिम" म्हणतात नाहीतर एकजण सुरू होतो की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. माझा सोबतचा फोटो दाखवला तेव्हा एकाने "फार गर्दी आहे यात" एवढंच म्हटलं आणि पुढच्या फोटोवर गेले. मला राग आला पण तो बरोबर होता का हेही कळलं नाही. अशा बैठका कशा घ्याव्यात?

"अप्रतिम" ने फोटो काढणाऱ्याला काही मिळत नाही आणि "गर्दी आहे" नेही नाही, दोन्हीकडून माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. बघणाऱ्याला काय आवडलं यापेक्षा त्याची नजर कुठे गेली, कुठे अडकली, कुठून बाहेर पडली हे काढणाऱ्याला हवं असतं. ते त्याला स्वतःला कधीच कळू शकत नाही कारण तो तिथे उभा होता, त्याला थंडी आठवते, पायपीट आठवते आणि फोटोत नसलेल्याही दहा गोष्टी दिसतात.

म्हणून तुमच्या फोटोवर मीच करून दाखवते. (पत्रात परवानगी दिलीय म्हणून इथे लिहितेय.) तळं आहे, डावीकडे एक मोठं झाड, वर आकाशगंगा आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब, उजव्या कोपऱ्यात एक माणूस डोक्याला टॉर्च लावून वर बघतोय. माझी नजर पहिल्यांदा गेली टॉर्चच्या पांढऱ्या गोळ्यावर, मग झोताच्या मागे वर चढली आणि सरळ फ्रेमच्या बाहेर. परत आणली तर झाडात अडकली, कारण गाभ्याचा सगळ्यात उजळ भाग नेमका फांद्यांच्या मागे आलाय, झाडही नीट दिसत नाही आणि गाभाही. पाण्याकडे मी सगळ्यात शेवटी पोचले, आणि माझ्या मते या फोटोतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. तर तुमच्या मित्राला जी गर्दी वाटली ती बहुतेक ही, वस्तू चारच आहेत पण त्यातल्या तीन एकाच वेळी हाक मारतायत.

यापुढे मी तुम्हाला प्रश्न विचारेन, फोटो कोणाचा आहे? त्या माणसाचा की आकाशाचा? माणसाचा असेल तर झाड कशाला हवंय. आकाशाचा असेल तर टॉर्च बंद करा, माणूस नुसत्या काळ्या आकृतीने उभा राहू दे, हवं तर तळ्याच्या कडेला जाऊन प्रतिबिंबाशेजारी उभा राहू दे. झाड ठेवायचंच असेल तर कॅमेरा चार पावलं उजवीकडे, तेवढ्यात झाड आकाशाच्या मानाने डावीकडे सरकेल आणि गाभा मोकळा होईल. हे झालं जागेवरचं, आता ते बदलता येणार नाही, पुढच्या वेळी येईल. एडिटिंगमधलं मात्र आज रात्रीच करता येईल. पाण्यातली आकाशगंगा वरच्या खऱ्या आकाशगंगेपेक्षा उजळ झालीय, सावल्या उचलताना झालं असणार, प्रतिबिंब नेहमी मूळ गोष्टीपेक्षा थोडं मंद असतं आणि कारण सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. आणि आकाश जांभळं झालंय, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा कल ठरवणारं सेटिंग, ४००० केल्व्हिनच्या आसपास आणून बघा.

आता बघा, यात मी कुठेही फोटो चांगला की वाईट म्हटलेलं नाही, आणि तरी तुमच्याकडे करण्यासारखं बरंच काही आलं. बैठकीत हाच क्रम ठेवा. फोटो समोर आला की मिनिटभर कोणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग बाकीच्यांनी काय दिसलं ते सांगायचं, आणि तोपर्यंत काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हे सगळ्यात कठीण असतं, कारण प्रत्येकाला "अरे तिथे खाली खड्डा होता म्हणून" असं सांगायची घाई असते, पण खड्डा फोटोत नाही ना. नंतर त्याने आपल्या मनात काय होतं ते सांगायचं, आणि सूचना त्याच्यानंतर. आधी सूचना दिल्या की प्रत्येकजण त्याला स्वतःचा फोटो काढायला शिकवतो.

तुमच्यातल्या त्या सुरू होणाऱ्या गृहस्थांना एवढंच सांगा की नवीन माणसाला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, सगळ्यात मोठी, बाकीच्या पोटात ठेवायच्या. नऊ चुका एकदम ऐकलेला माणूस एकही सुधारत नाही, तो पुढच्या महिन्यात येतच नाही. "लेन्स बदल" हा अभिप्राय धरायचा नाही. दुसऱ्याचा फोटो न विचारता स्वतःच एडिट करून "असा हवा होता" म्हणून दाखवायचा नाही, हे फार लोक करतात आणि ते मला अजिबात आवडत नाही. कौतुक मात्र करा, भरपूर करा, फक्त कशाचं ते सांगा. "डावीकडची ती काळी रिकामी जागा तू तशीच ठेवलीस ते बरं केलंस" असं कोणी म्हटलं की ते वाक्य माणूस वर्षभर विसरत नाही.

राग आला ते ठीक आहे, येतो. फोटो काढल्यानंतर लगेचच्या दिवसांत दाखवला तर जास्त येतो, म्हणून थोडा शिळा करून दाखवा. आणि दाखवताना "कसा वाटला?" असं विचारू नका हो, त्याला "छान" हेच उत्तर येणार. "नजर आधी कुठे जाते?" विचारा, "उजवीकडून थोडा कापू का?" विचारा, सोबत एडिट न केलेला मूळ फोटो आणि एक्झिफ (कॅमेऱ्याने फोटोसोबत नोंदवलेली सेटिंग) ठेवा. एकट्याचं मत असेल तर ऐकून सोडून दिलं तरी चालतं. पण एकमेकांशी न बोलता तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे काहीतरी आहे, त्यांनी सांगितलेला उपाय चुकीचा असू शकतो पण जागा सहसा बरोबर असते.

प्रश्न : जमीन संधिप्रकाशात काढून आकाश नंतर काढलं आणि दोन्ही जोडलं तर तो खोटा फोटो म्हणायचा का? आमच्यात यावरून कडाक्याचं भांडण झालंय.

माझ्यापुरतं सांगते. कॅमेरा त्याच ट्रायपॉडवर, तीच फ्रेम, तीच रात्र, फक्त जमिनीला उजेड असताना एक फोटो आणि अंधार झाल्यावर आकाशाचा एक, याला माझी हरकत नाही, मात्र विचारलं तर सांगायचं आणि स्पर्धेला पाठवताना न विचारता सांगायचं. जमीन आकाशाच्याच वेळी पण कमी आयएसओवर तीन-चार मिनिटं उघडून काढली तर आणखी चांगलं, कारण उजेडाची जात तीच राहते. हल्ली एक क्लिक केलं की सॉफ्टवेअर आकाशच बदलून देतं, ते मात्र चित्र म्हणून भिंतीवर लावा, लँडस्केप फोटो म्हणून नको.

आणि असले फोटो पकडले जातात बरं का. चंद्राची रुंदी आकाशात जेमतेम अर्धा अंश, सेन्सरवर त्याचं चित्र फोकल लेन्थच्या साधारण ११० व्या भागाएवढं पडतं. म्हणजे २४ एमएमने काढलेल्या भल्या रुंद दृश्यात चंद्र पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही, त्यात जर तो थाळीएवढा दिसत असेल तर तो दुसरीकडून आणून बसवलाय. आकाश तारीखसुद्धा सांगतं. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो आहे, कबरस्तानातले पांढरे क्रूस आणि वर काळं आकाश, खूप गाजलेला. तो कधी काढला याची त्यांनी नोंद ठेवली नव्हती, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वर्षं छापली गेली. शेवटी चंद्राच्या जागेवरून गणित मांडून तारीख निघाली १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळी पाच वाजायच्या जरासं आधी. आता तुमच्या भांडणासाठी त्यातला मुद्दा असा की ॲडम्स त्याच निगेटिव्हचे प्रिंट वर्षानुवर्षं डार्करूममधे आकाश अधिकाधिक काळं करत काढत राहिले. उजेड कमीजास्त केला, चंद्र हलवला नाही. मी रेघ तिथे ओढते, तुम्ही जरा अलीकडे-पलीकडे ओढलीत तरी चालेल, पण कुठेतरी ओढा आणि सगळ्यांना ती माहीत असू द्या, भांडण आपोआप थांबेल.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्याकडे कॅमेरा नाही, बाबांचा फोन आहे. त्यावर तारे येतील का?

येतील की! फोन हातात धरू नकोस, दगडाला किंवा पिशवीला टेकवून पक्का बसव, नाइट मोड लाव आणि तीन किंवा दहा सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. फोन आतल्या आत बरेच फोटो काढून एकावर एक रचतो, गूगलच्या काही पिक्सेल फोनमधे तर सोळा-सोळा सेकंदांचे पंधरा फोटो मिळून चार मिनिटांचं काम असतं. तुझ्या फोनमधे प्रो मोड असेल तर त्यात शटर आणि आयएसओ हाताने बदलता येतं, ते खेळून बघ. मृग, कृत्तिका, व्याध यांच्यापासून सुरुवात कर, ते ठळक आहेत आणि फोटोत आले की लगेच ओळखू येतात. आणि नुसतं आकाश काढू नकोस, खाली घराचं छप्पर नाहीतर झाडाचा शेंडा असू दे, त्याशिवाय आकाश किती मोठं आहे ते कळत नाही. फोटो आला की मला पाठव, खरं काय ते सांगेन.

प्रश्न : दिवसाच्या लँडस्केपला पायाजवळच्या दगडापासून डोंगरापर्यंत सगळं शार्प हवं म्हणून एफ २२ ठेवतो, तरी फोटो मऊ येतो.

एफ २२ मुळेच येतो. छिद्र इतकं बारीक झालं की प्रकाश कडेला वळून पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि सगळाच फोटो थोडा थोडा मऊ होतो. एफ ८ ते ११ वर या आणि फोकस डोंगरावर न करता थोडा अलीकडे करा. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४ एमएम, एफ ८ असेल तर साधारण अडीच मीटरवर फोकस केला की सव्वा मीटरपासून पार अनंतापर्यंत चालण्यासारखं शार्प मिळतं. दगड त्याहून जवळ असेल तर दोन फोटो, एक दगडावर फोकस करून आणि एक डोंगरावर, नंतर जोडायचे.

प्रश्न : स्टार ट्रेलसाठी, म्हणजे ताऱ्यांच्या लांब रेघांच्या फोटोसाठी, दोन तास फोटो काढत होते, शेवटच्या अर्ध्या तासातले सगळे धूसर आले. शिवाय रेघा मधेमधे तुटल्यात.

धूसर झालं ते दव. लेन्सची काच हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर पाणी धरतं, अंधारात ते दिसत नाही. लेन्सभोवती गुंडाळायचा यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा मिळतो, पॉवर बँकेवर रात्रभर चालतो, तो आयत्या वेळी नको, पहिल्या फोटोपासून लावून ठेवायचा. रेघा तुटल्या त्या बहुतेक लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिल्यामुळे, त्यात प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ एक काळा फोटो काढत बसतो आणि तोपर्यंत तारे पुढे जातात. ते बंद करा, तीस सेकंदांचे फोटो मधे एकच सेकंद सोडून काढत राहा आणि स्टारस्टॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमधे जोडा, त्यात बारीक फटी भरून काढायची सोयही आहे. धूसर झालेले शेवटचे फोटो जोडताना वगळा, दीड तासाचे ट्रेलही पुरेसे लांब येतात, साडेबावीस अंशांचे.